डाव्या डोळ्यातला पिवळा

सुनेनं लहान भट्टीचं दार उघडलं, बाईंनी सवयीनं मान पुढे केली, आणि तेवढ्यात उजव्या डोळ्यात घातलेलं औषध गालावर ओघळायला लागलं म्हणून त्यांनी फडक्यानं तो डोळा दाबून धरला. डाव्या डोळ्याला वाळूच्या ताटलीत रोवलेली सहा पाती दिसली, आणि पात्यांवर वाळल्या गवताचा रंग, हवा तसा, ना कमी ना जास्त. आता मान हलवायची, सून पाती बाहेर काढणार, काम संपलं. पण फडकं खाली घेताना त्याचं टोक डाव्या डोळ्यात गेलं, तो झोंबून मिटला, आणि मोतीबिंदू काढून तीन दिवसांपूर्वी पट्टी निघालेला उजवा डोळा एकटाच त्या ताटलीकडे बघायला लागला. पाती पांढरी होती. पांढरी म्हणजे नुकत्याच घासलेल्या पोलादासारखी कोरी, त्यांच्यावर रंग म्हणून काही चढलेलाच नव्हता. बाईंनी डावा उघडून उजवा मिटला. गवत. उजवा उघडून डावा मिटला. कोरं पोलाद. सून हातात लांब चिमटा घेऊन उभी होती, भट्टीची धग तिच्या तोंडावर येत होती, आणि "काढू ना, आई?" असं तिनं विचारलं ते नेहमीसारखंच, उत्तर माहीत असल्यासारखं. बाई म्हणाल्या, "थांब." म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. डोकावायच्या आधी त्या शंभरदा थांब म्हणत, पण एकदा डोकावून झालं की निकाल लागलेला असायचा. डोकावून झाल्यावर थांब म्हणायची पाळी त्यांच्यावर आजवर आली नव्हती.

घर सुऱ्यांचं होतं. पुढच्या दोन खोल्यांत माणसं राहायची आणि मागच्या खोलीत सुऱ्या व्हायच्या. खाटीक, खानावळींचे आचारी, चामडं कापणारे, पुस्तकं बांधणारे, सगळे मागच्या दारानं यायचे आणि बाईंना मावशी म्हणायचे. पातं घडवणं, घासणं, मूठ बसवणं हे काय कुणालाही शिकवता येतं, असं बाईंचं म्हणणं होतं, आणि ते त्या घडवणाऱ्याच्या तोंडावर म्हणत. खरं काम आचेचं. पातं आधी लालबुंद करायचं, लोहचुंबक त्याला चिकटेनासं झालं की तेलात बुडवायचं. याला पाणी देणं म्हणतात, तेलात बुडवलं तरी. त्यानं पातं कडक होतं, पण इतकं कडक की फरशीवर पडलं तर काचेसारखं तुटावं. म्हणून त्याला पुन्हा मंद आचेवर बसवायचं आणि त्याचा ताठा थोडा उतरवायचा. या दुसऱ्या आचेला या घरात पातं शांत करणं म्हणत, आणि ते किती शांत झालं हे त्याच्यावर चढणारा रंग सांगायचा: आधी वाळलं गवत, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. गवताच्या अलीकडे काढलं तर धारेचे टवके उडतात. निळ्यापर्यंत जाऊ दिलं तर धार वाकते. मधला क्षण ओळखायला डोळा लागतो, आणि तो डोळा आधी बाईंच्या नवऱ्याचा होता. तो अबोल माणूस. खिडकीच्या उजेडात पातं तिरकं धरायचा, दिव्याखाली कधी नाही, आणि तोंडानं काही न बोलता नुसती मान हलवायचा. शेवटच्या वर्षांत तो मान हलवायच्या आधी बाईंकडे बघायला लागला होता. बाई "आला" म्हणायच्या, मग तो मान हलवायचा. हे दोघांनाच माहीत होतं. तो गेला त्याच्या पाचव्या दिवशी मागच्या खोलीत पाती अडून राहिली होती, दोन्ही मुलगे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते, आणि बाई खुर्चीतून उठल्या, खिडकीशी गेल्या आणि त्यांनी मान हलवली. तेव्हापासून घराचा नियम झाला की आईनं मान हलवल्याशिवाय पातं बाहेर येत नाही. बाईंना ताप आला तर पाती थांबत. बाई कुणाच्या लग्नाला गेल्या तर पाती थांबत. दुसरी इयत्ता अर्धी सोडलेल्या बाईला याच्याहून मोठी पदवी कोण देणार होतं.

कोळशाची भट्टी होती तोवर ठीक चाललं होतं. वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले, त्यांना धुराचा त्रास व्हायला लागला, आणि एके दिवशी कागद आला की हे बंद करा. तेव्हा धाकट्यानं, या सुनेच्या नवऱ्यानं, विजेच्या भट्टीचं डोक्यात घेतलं. नवी घेणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. कुंभारकामाची जुनी भट्टी त्यानं बघितली, तर ती दारातूनच आत येईना. भाजक्या विटा कापून त्यांत तार बसवायची आणि घरीच भट्टी करायची असंही त्यानं ठरवलं होतं, विटा आणल्याही होत्या, पण पहिल्याच दिवशी घरभर अंधार करून बसला. शेवटी दातांच्या कवळ्या करणाऱ्या एका म्हाताऱ्याचं दुकान बंद होत होतं, त्याच्याकडची भट्टी हा उचलून घेऊन आला. पावाच्या डब्याएवढी पेटी, आत भेगाळलेल्या विटा, आणि पुढे लाल आकडे. बाई म्हणाल्या होत्या, लोकांच्या कवळ्या भाजल्या त्या भट्टीत आता माझ्या सुऱ्या, चला, चावतील तरी चांगल्या. धाकट्यानं तार बदलली, दाराला फट होती तिथे पाचर मारली, आणि खरं सांगायचं तर पाती त्यात छान लाल व्हायला लागली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी, जे कोळशात दहातून एकदा साधायचं. बाईंनी हे बघितलं होतं, पण बोलून दाखवलं नव्हतं. पाती शांत करायला मात्र ती भट्टी नको, तिची आच कमीवर स्थिर राहत नाही, म्हणून धाकट्यानं स्वयंपाकघरातली पाव भाजायची लहान भट्टी मागे नेली. तिच्या बटणावर दोनशे लिहिलेलं असायचं आणि आत कधी एकशे सत्तर तर कधी अडीचशे. पहिल्याच खेपेला दोन पाती निळी झाली. बाईंना आयतंच सापडलं. बटणावरचा आकडा खोटं बोलतो, पात्यावरचा रंग बोलत नाही, असं त्यांनी भिंतींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, आणि नियम पुन्हा पक्का झाला: तापवील ते यंत्र, पण मान आईची. सुनेनं कुठूनतरी आचेचा काटा मिळवून आत टांगला, आच एकसारखी बसावी म्हणून ताटलीत वाळू भरली, आणि शब्दाला शब्द न देता रोज सासूला हाक मारायला लागली. आई, बघता का जरा.

आता त्याच काट्याकडे बाईंनी नव्या डोळ्यानं बघितलं. अक्षरांशी त्यांचं कधी जमलं नाही, पण आकडे त्यांना येत होते. एकशे सत्तर. गवताला किती लागतात, असं त्यांनी सुनेला विचारलं, आणि सून म्हणाली की दोनशेवीसच्या आसपास. मग बाईंनी विचारलं की मी मान हलवते तेव्हा रोज काटा कुठे असतो. सुनेनं चिमटा खाली ठेवला. भट्टीचं दार लावून घेतलं. सून बोलायला वेळ घेणारी होती हे बाईंना माहीत होतं, आजवर त्यांनी तेवढा वेळ कधी दिला नव्हता, आज दिला. सून म्हणाली की असाच असतो, एकशे सत्तर, कधी पंच्याहत्तर. तुम्ही मान हलवता, मी काढते, तुम्ही पुढे जाऊन पडलात की मी परत ठेवते, तासभर, दोनशेवीसवर. किती दिवस चाललंय हे? काटा आणला तेव्हापासून, दोन महिने. आणि हे धाकट्याला माहीत आहे का, तर होतं. दोन महिन्यांत एकाही सुरीचे टवके उडाले नव्हते. मागच्याच आठवड्यात खाटीक दारात उभा राहून म्हणाला होता की मावशी, तुमच्या सुऱ्या पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या, आणि बाईंनी त्याला सांगितलं होतं की यंत्र काय कुणीही आणील रे, डोळा माझाच आहे. सून तेव्हा तिथेच उभी होती, सुऱ्यांच्या मुठी पुसत.

"मग आजही कशाला विचारलंस, काढू का म्हणून?"

"विचारायचं असतं ना तुम्हाला," सून म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता, हेच बाईंना सोसेना. टोमण्याला टोमणा देता आला असता. त्या पुढच्या खोलीत जाऊन पडल्या आणि दुपारभर एकदा हा, एकदा तो असे डोळे मिटत घर तपासत राहिल्या. डाव्यानं भिंत सायीसारखी, उजव्यानं चुन्यासारखी. डाव्यानं पलंगावरची चादर पिवळट, उजव्यानं पांढरीशुभ्र. ही चादर बघून त्या उठून बसल्या, कारण पांढरे कपडे नीट निघत नाहीत म्हणून त्यांनी या सुनेला किती वर्षं धारेवर धरलं होतं त्याची गणती नव्हती. तुझ्या माहेरी कपडे चहात भिजवतात का, असं त्या विचारायच्या, आणि ती पोरगी चादर पुन्हा धुवायला घेऊन जायची. पहिल्या डोळ्याच्या वेळी डॉक्टर म्हणाला होता की आता रंग जरा वेगळे दिसतील, आतलं भिंग पिवळं पडत जातं, हळूहळू, दहा दहा बारा बारा वर्षं, आणि माणसाला पत्ता लागत नाही कारण रोज थोडंच पडतं. बाईंनी ते ऐकल्यासारखं केलं होतं. डॉक्टर लोकांना दोन शब्द जास्त बोलायची खोड असते, एवढंच त्यांना वाटलं होतं. आता ते दहा बारा त्यांच्या डोक्यात एखाद्या सैल खिळ्यासारखे हलायला लागले. दहा. बारा. थोरला घर सोडून गेला त्याला नऊ वर्षं झाली होती.

खरं तर त्या थोरल्याची आठवण काढत नसत. आठवण काढली की ती नेहमी एकाच जागेवर येऊन उभी राहायची: मागचं दार, दारात खानावळीचा आचारी, त्याच्या हातात खोका, खोक्यात बारा सुऱ्या, आणि बाराही धारांचे टवके उडालेले. खाटीकही होता तेव्हा, त्याची सुरी घ्यायला आलेला. बाईंनी एक सुरी उचलली, ऐरणीच्या कडेवर आपटून दोन तुकडे केले आणि थोरल्यापुढे धरले. पाणी देणं थोरल्याकडे होतं. तेल थंड असणार, नाहीतर हात घाईचा, असं त्या म्हणाल्या. बाप असता तर हे पातं त्यानं दारातून बाहेर जाऊ दिलं नसतं, असंही म्हणाल्या. थोरला एवढंच म्हणाला की आई, चुंबक लावून बघूनच बुडवलं होतं. त्यावर बाईंनी त्याला विचारलं की चुंबकाला डोळे असतात का रे, आणि आचारी हसला, खाटीक हसला, आणि आपण बोललेलं लागू पडलं याचं बाईंना तेव्हा बरं वाटलं होतं. तेही त्यांना आठवत होतं, ते बरं वाटणं. पुढच्या खेपेला थोरल्यानं तेल कोमट केलं. टवके उडाले. त्याच्या पुढच्या खेपेला त्यानं पातं आणखी थोडा वेळ तापवलं. टवके उडाले. मग तो बिचकायला लागला. लाल पातं चिमट्यात धरून तेलाच्या डब्यावर आला की एक क्षण थांबायचा, बाईंकडे बघायचा, आणि तेवढ्या एका क्षणात पात्याची आच निघून जायची. मग पाती खरंच बिघडायला लागली, कुठे मऊ कुठे कडक, आणि बाईंचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. बघा, मी म्हणाले नव्हते, हातच खोटा आहे. घर सोडताना तो भांडला नाही. लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम मिळालंय, लांब पडतं, असं म्हणाला आणि बायकोमुलीला घेऊन गेला. वर्षातून तीनचारदा यायचा. खुर्चीच्या कडेवर बसायचा, पाणी प्यायचा, मागच्या खोलीत जायचा नाही. तो गेल्यावर पाणी देणं धाकट्याकडे आलं, तरी टवके उडतच राहिले. तेव्हा बाईंनी पोलादाला नावं ठेवली, कोळशाला ठेवली, आणि धाकट्याला सांगितलं की धारा जरा जाड ठेव. जाड धारेचे टवके कमी उडतात, पण जाड धार कापतही नाही. सुऱ्या बोथट निघायला लागल्या, आचारी हळूहळू यायचे बंद झाले, एकटा खाटीक राहिला, जुन्या ओळखीचा. आणि हा सगळा वेळ बाई खिडकीशी उभ्या राहून कोऱ्या पात्यांकडे बघत गवत आलं म्हणून मान हलवत होत्या.

डाव्या डोळ्याची तारीख गुरुवारची होती. आज सोमवार. बाई तेवढ्या एका गोष्टीभोवती फिरत राहिल्या, घाण्याला जुंपल्यासारख्या. गुरुवारी डॉक्टर डावं भिंग फोडून काढणार, त्याजागी नवं बसवणार, आणि मग दोन्ही डोळ्यांना सगळं सारखं, स्वच्छ दिसणार. हा पिवळा रंग जगात कुठेही उरणार नाही. तो कुणाला दाखवता येण्यासारखाही नव्हता, दुसऱ्याच्या डोळ्यात शिरून कोण बघणार. साक्षीदार म्हणून हा एकच डोळा, तोही गुरुवारपर्यंत. आणि बाई इतर कुणाला ओळखत नसल्या तरी स्वतःला पुरत्या ओळखून होत्या. आठवडा जाईल. त्यांना वाटायला लागेल की औषधामुळे तसं दिसलं असेल. महिना जाईल, मग वाटेल की तो काटाच चुकीचा असेल. वर्षानं त्या खाटकाला सांगत असतील की थोरला आमचा गुणी, फक्त हात जरा घाईचा. हे होणार होतं. त्यांनी आयुष्यभर असंच केलं होतं, आपल्याला जे पेलवत नाही ते हळूच खाली ठेवून त्याच्यावर फडकं टाकायचं. गुरुवारच्या आत बोललं तरच बोललं जाणार होतं, नाहीतर कधीच नाही. आणि बोलायचं म्हणजे काय, तर इतकी वर्षं उभं केलेलं घर आपल्याच हातानं आडवं करायचं. पाती थांबायची ती त्यांच्यासाठी, माणसं मावशी म्हणायची ती त्या मानेसाठी. ती मान खोटी होती म्हटल्यावर मागच्या खोलीत त्यांनी कुठे उभं राहायचं. एवढा थकवा त्यांना नवरा गेला तेव्हाही आला नव्हता. तेव्हा निदान पाती अडून राहिली होती.

मंगळवारी त्यांनी धाकट्यापाशी विषय काढून बघितला. तो मोठ्या भट्टीची पाचर पुन्हा ठोकत होता. त्यानं ऐकून घेतलं, आणि म्हणाला की आई, आता ते कशाला उकरून काढायचं, दादाचं तिकडे बरं चाललंय. बोलताना त्याचं लक्ष पाचरेवरच होतं. मग बाईंच्या ध्यानात आलं की या उकरण्यात धाकट्याचंही काही पडणार होतं. दादाचा हात खोटा ठरला म्हणूनच हा भट्टीपुढे आला होता. हा काही वाईट नव्हता, कष्टाचा होता, पण नऊ वर्षं हा दुसऱ्याच्या जागेवर उभा आहे हे त्याला आजच कळलं असं नाही, दोन महिन्यांपूर्वी काट्याकडे बघतानाच कळलं असणार. आणि तो गप्प राहिला. बाईंनी त्याला काही म्हटलं नाही. गप्प राहणं तो कुठे शिकला असेल, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागणार नव्हतं. त्यांनी फक्त सांगितलं की गुरुवारी तू येऊ नकोस, थोरल्याला बोलाव, त्याला म्हणावं आईला घेऊन जा. धाकट्याचा हातोडा थांबला. मग तो बरं म्हणाला.

थोरला गुरुवारी सकाळी वेळेच्या आधी आला आणि खाली उभा राहिला, वर आला नाही. वाटेत त्यानं बाईंना थंडी वाजते का विचारलं, बाईंनी त्याला मुलगी कितवीत गेली विचारलं, आणि दोघांचं बोलणं संपलं. दवाखान्यात भिंतीला लागून खुर्च्या होत्या. नर्सनं बाईंच्या डाव्या भुवईवर चिकटपट्टीचा तुकडा लावला, चुकीचा डोळा धरला जाऊ नये म्हणून, आणि दर दहा मिनिटांनी येऊन थेंब टाकायला लागली. समोर दोन म्हाताऱ्या तशाच पट्ट्या लावून बसल्या होत्या, दुकानात किमतीची चिठ्ठी लावल्यासारख्या. थोरला घड्याळ बघत नव्हता, फोनही बघत नव्हता. तो समोरच्या दाराच्या बिजागरीकडे बघत होता, तिचा एक स्क्रू सैल होता. बाईंनी मनात तीन तऱ्हांनी सुरुवात जुळवून ठेवली होती. त्यांतली एकही तोंडात येईना. थेंबांनी डावं सगळं अंधूक व्हायला लागलं होतं, म्हणजे वेळ होती ती एवढीच. मग त्यांनी सरळ सांगितलं. काटा किती होता, एका डोळ्याला काय दिसलं, दुसऱ्याला काय दिसलं, सून पाती परत ठेवते ते, डॉक्टर दहा बारा वर्षं म्हणाला ते. हिशेब त्यांनी लावून दाखवला नाही, थोरला पातं घडवणाऱ्याच्या घरचा होता, त्याचा त्यानं लावला असता. मधे नर्स येऊन थेंब टाकून गेली. समोरची एक म्हातारी आत गेली.

थोरला म्हणाला, "म्हणजे माझं पाणी बरोबर होतं?"

"पहिल्या तीन खेपांना बरोबर होतं. पुढे तू बिचकायला लागलास, तेव्हा खरंच बिघडलं. पण बिचकवलं मी."

तो चिडेल, असं बाईंनी धरलं होतं. चिडला असता तर त्या चार शब्द सोसणार होत्या, पाचवा आला असता तर उलटून बोलल्या असत्या, आणि त्या धामधुमीत निभावून गेलं असतं. उठून गेला असता तरी त्यांनी समजून घेतलं असतं. मला तेव्हाच माहीत होतं, असं म्हणाला असता तर त्यांची मान खाली गेली असती, त्याचीही त्यांनी तयारी ठेवली होती. नऊ वर्षं त्यांची समजूत होती की हा रागानं गेला, आणि राग कधी ना कधी उतरतो. थोरला बिजागरीकडे बघतच सांगायला लागला, जसं एखाद्या ओळखीच्या माणसाविषयी सांगावं. लिफ्टचा प्रत्येक नट तो तीनदा बघतो. सोबतचे हसतात, त्यांनी त्याला तिहेरी असं नावच ठेवलंय. पाळी संपली की बाकीचे खाली जातात, हा वर पुन्हा एकदा चढतो. घरी गॅस बंद केलाय का ते बघायला जिन्यातून परत जातो. मुलीनं सायकल शिकवायला सांगितली तर त्यानं दुसऱ्याला सांगितलं, माझ्यानं धरली जाणार नाही म्हणून.

"तू म्हणालीस म्हणून नव्हे," तो म्हणाला. "मला पटलं होतं ते."

बाईंनी एवढे दिवस जे जे जोखलं त्यात ही एक गोष्ट कधी आलीच नव्हती, की पोरानं त्यांच्यावर विश्वास ठेवला असेल. माझं चुकलं हे शब्द त्यांना माहीत होते, आयुष्यात ते दुसऱ्यांकडून त्यांनी पुष्कळदा म्हणवून घेतले होते, पण स्वतःच्या तोंडात ते नवे दात बसवल्यासारखे बसेनात. त्या म्हणाल्या, "हातात खोट नव्हती तुझ्या." मग पुन्हा म्हणाल्या, कारण एकदा म्हणून ते पोचल्यासारखं वाटलं नाही. थोरल्यानं तोंड त्यांच्याकडे वळवलं. बाईंनी डावा डोळा मिटला आणि इतक्या जवळून त्याला पहिल्यांदाच नव्या डोळ्यानं बघितलं. दाढी पिकली होती. सगळीच नाही, हनुवटीपाशी, आणि कानांपुढे. वर्षातून तीनचारदा तो खुर्चीच्या कडेवर बसायचा तेव्हा हे पांढरं असणारच, त्यांना ते दिसलं नव्हतं एवढंच. आपला मुलगा म्हातारा व्हायला लागलाय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता विचारायचं कुणाला.

आतून नाव पुकारलं. थोरला उठला, त्यांना हात द्यायला वाकला, आणि वाकलेलाच राहून म्हणाला की त्या बारा सुऱ्यांतली एक त्याच्याकडे आहे. हत्यारांच्या पेटीत. वायरचं वेष्टण सोलायला वापरतो, धारेला खाचा पडल्यात, फेकवत नाही. "ती अजून शांत करता येईल?"

"कडकच राहिलीय ना. येईल. घासून आण आणि बस त्या भट्टीपुढे."

"तू बघशील?"

बाई उठल्या. नर्सनं दंड धरला तो त्यांनी सोडवून घेतला.

"काटा बघ. दोनशेवीस झाले की काढ," त्या म्हणाल्या. "मला विचारू नकोस." आणि नर्सच्या पुढे होऊन त्यांनी दार ढकललं.